दाराखालून आलेलं बिस्कीट

प्रिय अक्का,

प्रभूच्या नावात तुझ्या धाकट्या भावाचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? माझे विचारू नकोस, नाहीतर पत्र गुडघ्यांतच संपेल.

सून दवाखान्यात नर्स, मुलगा परगावी कामाला, त्यामुळे दिवसभर दोन्ही नातवंडं माझ्या गळ्यात. (गळ्यात म्हणजे खरोखरच, धाकटा चालायचा कंटाळा करतो.) मागच्या आठवड्यात माझ्या हातून दूध करपलं, तेव्हा सून शांतपणे म्हणाली की आता आणखी काही झालं तर मुलांना पाळणाघरात ठेवीन. आरडाओरडा केला असता तर बरं होतं. शांत माणसं बोललेलं करून दाखवतात. मुलं गेली तर मी दिवसभर काय भिंतींशी बोलू?

तर काल मी बाथरूममध्ये गेलो आणि चार वर्षांच्या नातीने बाहेरून कडी लावली. तिचा दोष नाही. दार लोटलेलं दिसलं की कडी लाव, नाहीतर बाळ पाण्यात जाईल, असं आईनेच शिकवलेलं. लावता आली, काढता येईना. माझा जीव टांगणीला. गॅस बंद केला होता का? सुरी कुठे ठेवली? मदतीला हाका माराव्यात तर शेजारची शिवणकामवाली सुनेच्या कानावर घालणार. म्हणून मुलांना धीर यावा यासाठी मी मोठ्याने उपासनेतलं गीत सुरू केलं (माझा आवाज फुटक्या डब्यासारखा आहे हे तूच म्हणतेस). नात मात्र निर्धास्त. धाकट्याला दाराशी बसवून त्याला रविवारच्या शाळेतली गोष्ट सांगू लागली, तुरुंगात देवदूत येतो आणि दारं आपोआप उघडतात ती. "आजोबा, तुमचा देवदूत जेवायला गेलाय," म्हणाली आणि दाराखालून बिस्कीट सरकवलं. अर्धं धाकट्याने चोखलेलं. अक्का, बादली पालथी घालून तिच्यावर बसून मी ते खाल्लं. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीला हात पुढे करताना इतकी वर्षं मला धाकधूकच वाटत आली आहे, आपली लायकी आहे का म्हणून. त्या ओल्या बिस्किटाने लायकी विचारली नाही.

शेवटी शिवणकामवाली आली, जरा हळू गा म्हणून सांगायला. पुढचं दार उघडंच होतं, नातीने तिला आत आणलं आणि तिने कडी काढली. मग मी नातीला बजावलं, आईला एक अक्षर सांगायचं नाही.

तिने शब्द पाळला. संध्याकाळच्या प्रार्थनेत डोळे घट्ट मिटून तिने सगळं देवाला सांगितलं, बिस्किटासकट. प्रार्थनेत कोणाला थांबवता येत नाही. मी दोनदा मध्येच आमेन म्हणून पाहिलं, धाकट्यानेही साथ दिली, पण ती कसली थांबते. शेवटी म्हणाली, "आजोबा आत घाबरले होते. त्यांना एकटं ठेवू नको."

मग सून मान खाली घालूनच म्हणाली, "प्रभू, कडी लावायला मीच शिकवलं होतं." आणि जेवायला बसल्यावर पहिलं माझं ताट वाढलं. आज सकाळी मी पाळणाघराचं नाव कधी निघतं याची वाट पाहत बसलो होतो. तिने सुताराला बोलावून कडी उंचावर बसवून घेतली, मुलांच्या दुपारच्या जेवणाचे डबे माझ्या हाती दिले आणि कामाला गेली. चर्चमध्ये पाळक देवाच्या कृपेवर बोलू लागले की मला नेहमी डुलकी येते. काल रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही.

तुझा भाऊ

ता. क. तू पुढच्या आठवड्यात येतेस म्हणून कळवतो. अक्का आली की घरात मोकळा श्वास घेता येत नाही, असं मी एकदा मुलांसमोर बोलून गेलो आहे. नात हल्ली रोज माझ्या श्वासासाठी प्रार्थना करते, तुझं नाव घेऊन. तेव्हा डोळे मिटून राहा आणि आमेन म्हण. बोलायचं ते मला नंतर बोल.

आणखी एक. हे अक्काआजीसमोर म्हणू नकोस, असं नातीला सांगणार होतो. नाही सांगितलं. तू ये.