सोलेनसाठी फ्रेंच

३ मार्च
आजपासून फ्रेंच. रोज सकाळी सात ते आठ. सहा महिन्यांत सोलेनशी न अडखळता बोलायचं. नात सहा वर्षांची, न्यू कॅलेडोनियात, लिफू बेटावर आईच्या माहेरी राहते. इथून, बंडाबर्गहून, समुद्र ओलांडला की झालं. पण तिचा बाप, माझा ब्रेंडन, गेल्यापासून ती होतं तेवढंही इंग्रजी विसरली. तो होता तोवर फोनवर मधे तोच बोलायचा.
मला जड जाणार नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेसकडे फ्रेंचला एक्क्याण्णव मार्क होते.

११ मार्च
वर्ग लायब्ररीत, मंगळवारी. शेजारची ग्लेनिसही येते, उगाचच. मास्तर अगदी पोरसवदा. माझे उच्चार ‘जुन्या काळचे’ आहेत म्हणाला. कौतुक असावं.

२२ एप्रिल
फ्रेंचमध्ये टेबल स्त्री आणि छप्पर पुरुष. हे सिस्टरने सांगितल्याचं आठवत नाही. ग्लेनिस भर वर्गात म्हणाली, अगं नोरीन, एक्क्याण्णव शिवणात होते का? घरी येऊन प्रगतीपुस्तक शोधलं. एक्क्याण्णव हस्ताक्षराचे. फ्रेंचला अडतीस. पण त्या वर्षी मला गालगुंड झालं होतं.

१४ जून
शेतांत तोडणीआधी ऊस जाळायला लागलेत. दोरीवरच्या चादरींवर काळी राख. पुन्हा धुण्यात सकाळ गेली. गेल्या आठवड्यातही तसंच झालं. उद्यापासून नियमित.

२ जुलै
एलोदीचा, म्हणजे सुनेचा, निरोप आला. सप्टेंबरात ब्रेंडनला वर्ष होईल. लिफूत शोक उतरवण्याचा विधी आहे, मी यावं. तिथली रीत ठाऊक आहे. कापडाची घडी पुढे ठेवून उभ्याने बोलायचं. काही मागायचं असेल तर त्या कापडाबरोबरच मागायचं, मागाहून मागणं बरं दिसत नाही. मुलीच्या बाबतीत शब्द तिच्या मामाचा, ओजेनचा. मी मागणार: सोलेनला दर सुट्टीत महिनाभर माझ्याकडे पाठवा.
ब्रेंडनची खोली आजच झाडून घेतली.

१९ ऑगस्ट
भाषण तयार. मी सांगितलं, मास्तरने ‘किरकोळ’ दुरुस्त केलं. दोन पानं. तो म्हणाला, चार वाक्यं पुरेत, आणि मागणं पहिल्याच वाक्यात घ्या. तरुणांना घाई फार. पुस्तकाचे बारा धडे, मी चौथ्यावर आहे. पण पाया पक्का.

१२ सप्टेंबर, लिफू
एलोदीने विमानतळावरच सांगितलं: आई, माझा चुलतभाऊ ब्रिस्बेनला शिकलाय, तुम्ही इंग्रजीत बोला, तो तुमच्या वतीने बोलेल. इथे असंच असतं, कुणी कमीपणा मानत नाही. मी म्हटलं, नको गं, सहा महिने कशाला घासलं मग? तिने माझी बॅग उचलली. सोलेनने गालावर गाल टेकवला आणि पळाली. कपाळ अगदी ब्रेंडनचं.

१३ सप्टेंबर
चटयांवर वीस-पंचवीस माणसं, सगळ्यांच्या माना खाली. कागदावरून वाचायचं नसतं, हे ऐनवेळी कळलं. उभी राहिले. नमस्कार. मी नोरीन. मी बंडाबर्गला राहते. मला एक मुलगा आहे.
पुढे काही नाही.
बोलणाऱ्याच्या तोंडात शब्द घालणं इथे अपमानाचं. त्यामुळे कुणीच मदत केली नाही. सगळे थांबून राहिले, इतक्या अदबीने की मलाच सोसेना. शेवटी कापड खाली ठेवलं. ओजेनने ते दोन्ही हातांनी उचललं, हळू आवाजात बराच वेळ बोलला. बायका रडल्या. एकंदरीत परिणाम चांगला झाला. मागणं तेवढं राहिलं.
केळीच्या पानात शिजवलेलं कोनफळ आणि कोंबडी होती. घास उतरला नाही. प्रवासाचा शीण.

२१ सप्टेंबर, रविवार
घरी. फोनवर एलोदीला सहज म्हटल्यासारखं म्हटलं, नाताळात पाठव ना सोलेनला. ती तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, आई, ते तिथे मागायचं होतं. मामाने तुमचं कापड घेतलं, बोलणं संपलं. आता पुढच्या वर्षी या.
मग सोलेन पडद्यासमोर आली. स्वतःहून! काहीतरी विचारलं. त्यातलं ‘पापा’ कळलं. मी प्रेमाने ‘वी’ म्हणाले, म्हणजे हो. ती टाळ्या पिटत पळाली. माझ्याशी बोलताना इतकी खुललेली कधी पाहिली नव्हती. मेहनत फळाला येतेय.

२५ सप्टेंबर
एलोदीचा फोन, भर दुपारी. सोलेनने विचारलं होतं, पापा तुझ्या घरी आहेत का.
चार दिवस पोर बॅग भरून दाराशी बसतेय.
मी म्हटलं, मी सांगते तिला. एलोदी म्हणाली, कसं सांगाल, आई? मी म्हटलं, तुझ्या चुलतभावाला बसव शेजारी. मी इंग्रजीत सांगेन, तो तिला सांगेल. संध्याकाळी सहाला.
आता पाच वाजलेत. लिहून काढायला बसलेय. इंग्रजीतही पहिल्या वाक्यापुढे जात नाही.