आईला खाली आणायचं राहिलं

सोमवार, ९ मार्च

कालच्या पानावर मी खोटं लिहिलं. 'आई म्हणाली, दुखणं तीन.' आई तसं म्हणाली नाही. ती काहीच म्हणाली नाही. तीन मी माझ्या मनाने लिहिला — दुखण्याचा रोजचा आकडा, शून्य ते दहा, भरायच्या तक्त्यातली चौकट रिकामी बघवेना म्हणून.

खरं झालं ते असं. पोटाच्या ऑपरेशननंतर दुखण्याच्या गोळ्यांनी आईच्या अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. मग व्यायामाच्या बाईंनी दुसरे उपाय शिकवले. खोकताना पोटाशी उशी धरायची. टॉवेलात गुंडाळलेला बर्फ. मोजून श्वास. आणि मनातली फेरी — आईला डोळे मिटायला सांगून तिच्या आवडत्या जागी न्यायचं, दुखणं बाहेर ठेवायला लावायचं, थोडा वेळ बसवायचं, मग आलो त्याच वाटेने परत आणायचं. "परत आणायला विसरू नका हं," असं बाई जाताना म्हणाल्या होत्या.

मी तिला आमच्या पहिल्या घरी नेते. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, चौदा पायऱ्या. आठव्या वर्षी शाळेत घालेपर्यंत आईने मला तिथेच शिकवलं. काल चौदा पायऱ्या मोजत तिला वर चढवलं, खोलीत बसवलं, आणि बेल वाजली. पाण्याचा मीटर बघायला माणूस आला होता. मी परत आले तेव्हा आईचे डोळे उघडे होते. मला वाटलं, झालं.

पायऱ्या उतरवायच्या राहिल्या.

मंगळवार, १०

दुखणं शून्य. हा आकडा आईने स्वतः सांगितला.

बुधवार, ११

आजही शून्य. खोकली, उशी न धरता. व्यायामाच्या बाई खूश. "माझी नोकरी घालवणार तुम्ही." मी उतरवायचं राहिल्याचं सांगणार होते, पण जीभ रेटेना.

दुपारी आईने मला विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

मी उशिरा उठले की ती 'उठा राणीसरकार' म्हणते, तसली थट्टा असेल. पण थट्टा केली की ती आधी स्वतःच हसते. आज हसली नाही.

शुक्रवार, १३

आईने मोरीतली भरलेली बादली उचलली. मी धावले तोवर गाऊनवर रक्त. दोन टाके उसवले.

डॉक्टरांनी ते परत घातले. भुलीची सुई टोचली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, आई खिडकीबाहेर बघत होती. नंतर बाहेर येऊन ते मला म्हणाले, "दुखत नाही म्हणून जपत नाहीत. पुन्हा असं झालं तर पोट परत उघडावं लागेल, आणि या वयात ते झेपेल याची खात्री मी देणार नाही. थोडं दुखायला हवं हो."

म्हणजे आईचं दुखणं मीच परत आणायचं.

शनिवार, १४

तिच्या उशाशी बसून चौदापासून एकपर्यंत मोजलं. सावकाश. दोनदा.

आई म्हणाली, "जरा हळू बोला. पोरगी पाढे म्हणतेय."

"कुणाची पोरगी?"

"माझी. एकोणतिसाच्या पाढ्यात अडकलीय. भित्री आहे जरा. पण मनाने काही लिहीत नाही, येत नसेल तर जागा मोकळी सोडते."

रविवार, १५

खालून हाका मारून भागणार नाही. आज तिचा हात धरून मीही डोळे मिटले आणि एकटी पायऱ्या चढले. जिन्यात मशीनच्या तेलाचा वास होता. दार बंद. मी हळूच वाजवलं.

आतला पाढा थांबला.

इथे, पलंगावर, माझ्या शेजारी आई कुजबुजली, "उघडू नकोस गं." ते मला उद्देशून नव्हतं.

मंगळवार, १७

काल पेन उचलवलं नाही.

ते वाजणं मला आठवतं. मी सात वर्षांची. जिन्यात पावलं वाजली नव्हती, नुसतं दार वाजलं — हलकेच, माफी मागत असल्यासारखं. आई म्हणाली, उघडू नकोस. काही दिवसांनी, सकाळी दहाच्या ठोक्याला, पुन्हा वाजलं. त्या वेळी आईने स्वतः उघडलं, बाहेर कुणाशी तरी बोलली, मला म्हणाली, "पाढा पुरा कर, आलेच," आणि गेली. दिवे लागल्यावर आली. तोवर मी एकटी सतरंजीवर बसून होते, परकर ओला करून. कोण आलं होतं हे तिने कधीच सांगितलं नाही. मी कुलूप तीनदा ओढून बघते ती तेव्हापासून.

माळ्यावरून माझी तेव्हाची पाढ्यांची वही काढली. आई रोज पानाखाली तारीख घालायची आणि धडा संपला की सही करायची. एकाच पानावर तारीख आहे आणि सही नाही. वीस मार्च.

बुधवार, १८

दिवसभर एकच विचार केला, आईला खाली आणायचं तर त्या पोरीला तिथे एकटीला ठेवायचं का. ठेवायचं. संध्याकाळपर्यंत रडेल, मरणार नाही — मला माहीत आहे.

शुक्रवारी, वीस तारखेला, सकाळी दहा वाजता मी दार वाजवणार. आई उघडेल.