तिरडीवरचा अंगठा

ती. अक्कास, प्रेमराजचा मुंबईहून नमस्कार.

माझी तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर मिळतं. फोनवर हे सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

आपल्या नाटकावर निघतोय त्या सिनेमात काल तिरडीचा प्रसंग झाला. नाटकात आबा मढं व्हायचे. ढोलकी वाजली की त्यांच्या पायाचा अंगठा ताल धरायचा, अन् "मी जित्ता शे!" म्हणत ते गात उठायचे. धुळ्यात लोक हसून हसून लोळायचे. इथे आबांच्या जागी मी होतो. दिग्दर्शक म्हणाले, पडद्यावर हे पटणार नाही, मढं उठवायचं नाही. मी निपचित पडून राहिलो.

हे आबांना सांगू नकोस. लकव्यानंतर त्यांनी डोळे उघडले का? त्यांच्या पायाशी ढोलकी वाजवून बघ. अंगठा हलला तर लगेच कळव.

तुझा भाऊ,
प्रेमराज