वाचून न दाखवलेलं पान

आटपाडी, १८ एप्रिल २०२३

चि. मयूरीस नाथाजीकाकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू फोनवर बोलतेस आणि मी उगीच हां-हां करतो. तोफखान्यातल्या चोवीस वर्षांनी कान नेले, म्हणून हे पत्र. वस्तीवरची माणसं माझ्याशी पाटीवर लिहून बोलतात. एक फायदा आहे, लिहायच्या कंटाळ्यानं कुणी भांडत नाही.

आता काम. यंदा डाळिंबाला मृग बहार धरावा म्हणतोय. तू कॉलेजात भूगोल शिकवतेस, पण बागेतलं सांगायला हवं. आधी झाडांचं पाणी तोडून त्यांना ताणावर सोडायचं, मग औषध फवारून सगळी पानं झाडायची, आणि जूनमध्ये पहिलं पाणी द्यायचं. तहानलेलं झाड फुलानं भरून येतं. पण पानं एकदा झडली की माघार नाही, पुढं पाऊस यावाच लागतो. माझं शेततळं आहे. शेजारच्या साळूबाईची नुसती एक बोअर आहे. नवरा मुंबईला, दोनशे झाडं तिनं एकटीनं वाढवलीत. तीही तुझ्या उत्तराकडं डोळे लावून बसलीय.

साताऱ्यात बसून समुद्रावर डॉक्टर झालीस, तर आता सांग पाऊस कसा आहे. तब्येत सांभाळ, काकाला विसरू नकोस.

तुझा,
नाथाजीकाका


सातारा, २९ एप्रिल २०२३

ती. नाथाजीकाकांना मयूरीचा साष्टांग नमस्कार.

समुद्रावर डॉक्टर झाले, ज्योतिषी नाही, हे आधी लक्षात घ्या! आपल्या हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू यंदा तापेल अशी लक्षणं आहेत. ती तापली की आपल्याकडे येणारं बाष्प वाढतं आणि पाऊस सावरतो. सांगलीला महापूर आला त्या २०१९ साली ती बाजू अशीच तापली होती.

आता पान उलटा, कारण खरी काळजी इथे आहे. दूर प्रशांत महासागरात एल निनो तयार होतोय. एरवी तिथले वारे कोमट पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडे लोटून ठेवतात आणि ढग तिथेच भरतात. यंदा वारे ढिले पडलेत, पाणी पूर्वेला सरकतंय, त्यामागे ढगही. मग आपल्यावरची हवा खाली दबते आणि दबलेल्या हवेत ढग वाढत नाहीत. आपला समुद्र वेळेवर मदतीला आला नाही तर ऑगस्ट कोरडा जाईल. मी तुमच्या जागी असते तर बहार धरला नसता. तुमच्याकडे तळं तरी आहे, साळूबाईंना मात्र धरू देऊ नका.

जेवणखाण वेळेवर करा. माया आहे ती राहू द्या.

आपली,
मयूरी


आटपाडी, २५ जून २०२३

चि. मयूरीस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मारुतीच्या पारावर उभं राहून मोठ्यानं वाचलं. पहिलं पान तर दोनदा वाचलं. मेमध्ये सगळ्यांनी पानं झाडली, साळूबाईनंही. आता पहिलं पाणी दिलंय, लाल कळ्या दिसू लागल्यात. रोज दुपारी ढग येतात आणि आमच्या डोक्यावरून निघून जातात. तुझ्या समुद्राला जरा हाक मार.

नेहमीसारखी आठवण ठेव.

नाथाजीकाका


सातारा, २ सप्टेंबर २०२३

ती. काकांना नमस्कार.

आज विचारपूस करत नाही. काल साळूबाईंचा फोन आला होता. त्यांची बोअर आटली. त्या घागरीनं पाणी नेऊन एकेका झाडाच्या बुडाशी ओततायत. माझ्यावर चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. आवं ताई, काकांनी कागद वाचला त्यात पाऊस येनार असंच व्हतं न्हवं, एवढंच विचारलं त्यांनी.

काका, मागचं पान कुठे आहे? मी रोज समुद्राच्या तापमानाचा नकाशा उघडते. प्रशांत महासागर लालभडक आहे. आपला समुद्र आत्ता कुठे तापायला लागलाय आणि ऑगस्ट हातातून गेला. सगळं दिसतं आणि बोटही हलवता येत नाही. माझं नाव घेऊन तुम्ही त्या बाईला या कोंडीत अडकवलंत. मला उत्तर हवंय.

मयूरी


आटपाडी, ९ सप्टेंबर २०२३

चि. मयूरीस आशीर्वाद.

मागचं पान माझ्या ट्रंकेत होतं.

गेल्या साली तेल्या रोगानं सगळ्यांची फळं गेली होती. पारावर पहिलं पान संपलं तेव्हा माणसांचे चेहरे असे उजळले की मला पुढं वाचवेना. पाऊस मलाही हवाच होता. मागं काय लिहिलंय असं कुणी विचारलं असेल, तर मला ऐकू आलं नाही. त्या दिवशी पाटी घरी ठेवून गेलो होतो. विसरून नाही, मुद्दाम.

काल पाटी घेऊन पारावर गेलो आणि मागचं पान वाचलं, साळूबाईंना धरू देऊ नका हे वाक्यसुद्धा. लोकांची तोंडं हलत होती. शिव्या असतील. इतकी वर्षं बहिरा आहे, पण असा चहूबाजूंनी कोंडला गेलो नव्हतो. मग सांगितलं, माझ्या बागेतली लिंबाएवढी झालेली फळं मी सकाळीच तोडून टाकलीत. फळाचा भार नसला की झाडं थोड्या पाण्यात तगतील. तळ्यात एका बागेपुरतं पाणी उरलंय, ते साळूबाईच्या बागेला. बाकीच्यांच्या बोअर अजून चालतात.

पाटी या हातातून त्या हातात गेली. शेवटी साळूबाईनं घेतली. तिला लिहायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मी मान खाली घालून उभा राहिलो. तिनं लिहिलं होतं, पाईप कुठं हाय.

आता तो टाकायला निघालोय. रागावलीस तरी लिहीत राहा, आणि दोन्ही पानं लिही.

तुझा,
नाथाजीकाका

ता. क. पाटी अजून पुसली नाही. ज्याला माझ्याशी बोलायचंय त्यानं घरून कागद आणावा, असं सांगितलंय.