आमच्या घराण्याची तलवार

लष्कर, ग्वाल्हेर
दिवाळीनंतरचा रविवार, १९५६

तीर्थस्वरूप बळवंतकाकांच्या चरणी भालचंद्राचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? पुण्याच्या थंडीत लसणीचे तेल चोळत जावे. इकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम आहेत, माझी सोडून. मला धक्का बसला आहे आणि तो अजून उतरलेला नाही. (डॉक्टर म्हणतात पित्त आहे. त्यांना काय कळतंय!)

आपणांस ठाऊकच आहे, आमचे संस्थान आधी मध्यभारतात गेले, आता मध्यभारत मध्यप्रदेशात गेला आणि आमची कचेरी टेबलखुर्च्यांसकट भोपाळला चालली. दरबार नाही, मानकरी नाहीत. पाटणकर बाजारातला पानवाला पूर्वी 'आइए साहब' म्हणायचा, आता नुसता 'हां, बोलिए' म्हणतो. अशात आमच्या लेकीला, चि. शामलेला, दौलतगंजातल्या मधुसूदनरावांच्या मुलाचे स्थळ आले. मुलगा इंजिनिअर, शामलेला पसंत (तसे ती म्हणाली नाही, पण त्या दिवसापासून घरात गुणगुणते). मधुसूदनरावांनी एवढेच विचारले, घराणे कोणते? झाले! मी सांगितले की आमचे मूळपुरुष विसाजीपंत दक्षिणेतून फौजेबरोबर तलवार गाजवीत आले. आजोबांच्या वाटणीत त्यांची ढाल पुण्याला आपल्याकडे गेली आणि तलवार आमच्याकडे राहिली, हेही सांगितले.

मग पुरावा हवा म्हणून संशोधनाला लागलो. आरंभ कुठून करावा ते कळेना, म्हणून सगळीकडून केला. खासगी बाजारातल्या म्हाताऱ्यांना गाठून विसाजीपंत कोणत्या लढाईत होते ते विचारत सुटलो. एकाने माझा चहा पिऊन स्वतःच्याच पणजोबांची लढाई सांगितली. दुसऱ्याने मला सरकारी माणूस समजून, आपल्याकडे जहागीर कधी नव्हतीच, अशी देवाशपथ घेतली. घरात माळ ओढत बसलेल्या इंदुआत्याला मात्र विचारले नाही. तिला लढाईतले काय कळणार, असे मला वाटले.

शेवटी मधुसूदनरावच म्हणाले की तलवारीवर नाव कोरलेले असेल, ते पाहू. आता आपला कुळाचार आपण जाणताच. खंडेनवमीला पूजा लाल खोळीतच व्हायची, वरून तुपाचे बोट लावायचे (गंजू नये म्हणून, अशी माझी समजूत), झेंडूचे फूल वाहायचे, खोळ सोडायची नाही. पण प्रश्न घराण्याचा होता. मधुसूदनराव सहकुटुंब बसलेले असताना मी टाके उसवले.

काका, आत झारा निघाला! बुंदी पाडायचा झारा! खोळीच्या टोकाला जो फुगवटा होता आणि ज्याला आपण पिढ्यान्पिढ्या मूठ समजत आलो, ती त्याची भोके पडलेली वाटी. अहो, मॅट्रिकला जाताना मी त्याच्या पाया पडलो होतो! माझ्या सासऱ्यांनी तो लांबून पाहून मला मुलगी दिली! मधुसूदनरावांचा पोह्यांचा घास हातातच राहिला, आणि मंडळी चहा न घेता उठून गेली.

तेव्हा इंदुआत्या माळ थांबवून म्हणाली, "मला तर मालूमच होतं रे. विसाजीपंत फौजेचे आचारी. ज्याच्यावर पोट चालतं त्याची खंडेनवमीला पूजा. तू आपला तलवार तलवार करायचास, मला वाटलं लाडानं म्हणतोस."

शामलेने झारा चिंचेने घासून लखलखीत केला आणि कोपऱ्यात उभा केला. तिचे गुणगुणणे बंद झाले आहे. काका, माझ्या अब्रूचे काय व्हायचे ते होवो, पण हे मला सहन होत नाही.

काकूंना नमस्कार सांगावा आणि हे पत्र शेजाऱ्यांना दाखवू नये.

आपला आचारीकुलोत्पन्न
भालचंद्र

ता. क. पत्र टाकायला निघालो तो दारात मधुसूदनराव! मुलाने घरी साफ सांगितले म्हणे, लग्न करीन तर इथेच. मधुसूदनराव म्हणाले, "झारा तर झारा. मगर भाऊबंदांना दाखवायला ती ढाल तरी मागवा." शामला आतून पुन्हा गुणगुणू लागली आहे. तरी ढाल ताबडतोब रेल्वेने पाठवावी.

पुन्हा ता. क. पाठवण्यापूर्वी ढालीच्या खोळीवरून हात फिरवून पाहावा. दोन्ही बाजूंना कड्या लागल्या तर ढाल पाठवू नये. लग्नाला येताना आपणच घेऊन यावी. झारा घासलेला आहे, बुंदी घरीच पाडू.