एकाच काट्यापुढची रांग

माय, नवा प्रोग्राम चालू झाला, त्याचा खर्च आधी सांगून टाकतो: एक आख्खा हिवाळा, सारंगखेड्याच्या यात्रेला नेतो म्हणून बायकोला दिलेला शब्द, आणि रागात हाणून मोडलेला कीबोर्ड. कीबोर्ड नवा आला. शब्दाचं अजून चालू आहे. पण साता समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेत कणांवर कण आदळवतात ना, त्या धडकांच्या माहितीचा ढीग निवडायचं काम नंदुरबारात बसून तुझ्या बिनपदवीच्या पोरानं झपाट्याचं केलं. जग थांबलं होतं माझ्यासाठी!

ढीग निवडायला एकाच यंत्रात पुष्कळ धागे एकदम राबतात. धागे म्हणजे पथारीवर मिरचीचे देठ खुडणाऱ्या तुम्ही बाया समज. आमचे धागे वाढवले तरी वेग वाढेना. जुन्या प्रोग्रामशी लावलेल्या वेगाच्या चाचणीत हरलो असतो तर तोच राहिला असता आणि माझं काम गेलं असतं. सगळे म्हणत, गणितच जड आहे. मी मात्र यंत्राचा पंखा ऐकत होतो. हात चालू असले की पंख्याचा सूर एकसारखा लागतो. हा चढत होता, पडत होता, पुन्हा चढत होता.

तो सूर मला ठाऊक होता. पथारीवर बाया खुडत असल्या की शांत. बडबड वाढली की समजावं, सगळ्या वजनाच्या काट्यापुढे रांगेत उभ्या आहेत. लहानपणी मी ते ऐकत बसलेला, आणि तू ओरडतेस, "तुन्हा कान चालतस, हात नही!" टोपली भरली की प्रत्येकीनं उठून वजन करायचं, ही तिथली रीत. तू उठायचीच नाहीस. गोणीभर खुडून एकदाच जायचीस. मुकादम तडकला, "इतला येळ काय करी ऱ्हायनी वं?" तू म्हणालीस, "मन्हा गुडघा फुकटना शेतस का, घडी-घडी उठाले?" बाया खदखदा हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनीच गोण्या धरल्या. रांग गेली.

आमचे धागेही तसेच, एकेका धडकेची नोंद करायला एकाच सामाईक जागी रांग लावत होते. प्रयोगशाळेकडच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "पंख्यावरून निदान? मोजून दाखवा." मोजलं. खरंच निम्मा वेळ उभं राहण्यातच जात होता. प्रत्येक धाग्याला स्वतःची गोणी दिली, शेवटी एकदाच बेरीज. चाचणी जिंकलो. पंखा असा एका सुरात लागला की मी खुर्चीतच नाचलो. बाई म्हणाल्या, "ही युक्ती कुठली?" मी म्हणालो, "घरची." गुडघ्याचं सांगितलं नाही.

तू गेलीस तिकडं हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तुला एक खरं सांगायला हरकत नाही. आधी निकाल सकाळी न्याहारीच्या वेळेला तयार व्हायचा. आता पहाटेच होतो. बघणारी माणसं मात्र अजून न्याहारी करूनच येतात.