धारूरचा किल्ला आईला दाखवला

बाई, परवा आईला धारूरचा किल्ला दाखवून आणला. कित्येक वर्षं तिचं एकच टुमणं होतं, "तुज्या बाईंनी दावलेला किल्ला मला कवा दावतीस?" मी अंबाजोगाईला दवाखान्यात सिस्टर आहे, कधी ड्यूटी, कधी पोरांच्या परीक्षा, जाणं राहूनच जायचं. आता तिचे गुडघे फार कुरकुरायला लागले, तेव्हा म्हटलं, आणखी थांबले तर तिला उचलूनच न्यावं लागेल. गाडी केली आणि निघालो.

तुम्ही आम्हाला नेलंत तेव्हा मी नववीत होते. सिरसाळ्याहून एसटीनं तेलगाव, तिथून धारूरचा घाट. नुसत्या पोरींची सहल म्हणून गावात केवढी कुजबुज झाली होती! हेडमास्तर म्हणाले होते, "किल्ल्यावर पोरींचं काय काम?" तुम्ही म्हणालात, "सर, इतिहासाच्या पेपरात पोरींना वेगळे प्रश्न असतात का?" ते हसले आणि सही केली. किल्ल्यावर तुम्ही आम्हाला बुरुजाजवळ बसवलंत आणि विचारलंत, "तीन बाजूंनी दरी, चौथ्या बाजूला खंदक. आत पाण्याची टाकी, एकाचं पाणी गोडं, दुसऱ्याचं खारं. कोठारात दाणागोटा. मग हा किल्ला पडला कसा?" कुणी म्हणालं तोफा, कुणी म्हणालं फितुरी. तुम्ही मान हलवलीत आणि सांगायला लागलात.

पुढच्याच वर्षी आमचे दादा गेले. उसाची ट्रॉली उलटली, आणि सकाळी न्याहारी करून गेलेला बाप संध्याकाळी चादरीत घरी आला. आई भिंतीला टेकून बसली ती बसलीच. जेव म्हटलं तर जेवायची, नाहीतर तशीच. चुलते घर चालवू लागले. तेराव्याचे पाहुणे अजून उठले नव्हते, तोच म्हणाले, "पोरीची शाळा आता बास. कडा गावाकडं एक चांगली सोयरीक हाय." मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली.

चार दिवसांनी तुम्ही दारात उभ्या होतात. तुमच्या वस्तीतलं माणूस आमच्या ओसरीच्या आत येत नसे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आजीनं ओसरीवरच पोतं अंथरलं. तुम्ही त्यावर बसलात. आणि आई उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून उठली. तुमच्या हाताला धरून म्हणाली, "बाई, आत या. चुलीपाशी बसून बोलू." आजी तोंडाला पदर लावून बघत राहिली. आईनं चहा केला, घरातल्याच कपात दिला, आणि रडायला लागली. तुम्ही तिला रडू दिलंत. मग म्हणालात, "वहिनी, एक गोष्ट सांगू?"

तिथं, चुलीच्या धुरात, मी धारूरचा किल्ला ऐकला. विजापूरकरांच्या सरदारानं तो मोठ्या हिकमतीनं बांधला. नगरचा निजामशहा चाल करून आला. लढाई जुंपली आणि खालून सुटलेला एक बाण त्या सरदाराला लागला. तो पडला, तशी आतली सगळी फौज किल्ला टाकून पळाली. "भिंत एकाही ठिकाणी फुटली नव्हती, वहिनी. पाणी भरलेलं होतं. दाणे होते. फक्त एक माणूस गेला होता."

आई चुलीतली लाकडं मागं ओढत राहिली. मग म्हणाली, "आमची इहीर बी भरलेली हाय."

"मग?" तुम्ही म्हणालात.

त्या रात्री चुलत्यांचं जेवण वाढताना आई म्हणाली, "पोरगी शिकंल. शेत मी बघीन." चुलते म्हणाले, "तुला जमंल का?" "न्हाई जमलं तर तुमाला इच्यारीन की." फार कमी वेळा तिला विचारावं लागलं, बाई. तिनं माझे दोन भाऊ शिकवले, मला नर्सिंगला पाठवलं, आणि एकदा पाटोद्याच्या बाजारातून एकटीनं बैलजोडी आणली, तेव्हा गाव बघायला जमलं होतं.

परवा किल्ल्याच्या दारात तिनं आधी चप्पल काढली. म्हटलं, देऊळ नाही हे. "असू दे," म्हणाली. धारूरचा एक तरुण माहिती सांगत होता. त्यानं तुमचीच गोष्ट सांगितली, पण पुढची गोष्ट तुम्ही सांगितली नव्हती. नंतर मोगल आले, किल्ल्याचं नाव फतेहाबाद ठेवलं, इथं टाकसाळ घातली, नाणी पाडली. म्हणजे तो बाण लागला त्या दिवशी काहीच संपलं नव्हतं. आई बुरुजावर हात फिरवत होती. खाली दरीत सीताफळांची झाडी नुसती हिरवीगार. एकदम म्हणाली, "मेल्यांनो, एक दिवस तर थांबायचं व्हतं!" तो तरुण दचकला. मी हसता हसता रडले.

परतीच्या वाटेवर तिनं विचारलं, "बाईंना देवाघरी जाऊन किती वर्सं झाली गं?" मी सांगितलं. तिनं मागं वळून किल्ल्याकडं हात जोडले.

हे पत्र आईला वाचून दाखवेन, बाकी कुठं जायचं नाही. पण तिच्यासमोर शेवटचं वाचणार नाही, ते तुम्हालाच. किल्ला पडला कसा, हे तुम्ही सहलीत सांगितलंत तेव्हा मी ऐकलंच नव्हतं. तुम्ही बुरुजाच्या कडेला उभ्या होतात, पदर कमरेला खोचलेला, वाऱ्यानं केस सुटलेले, आणि वर येणारी माणसं तुम्हाला वाट देत होती. तशी उभी राहिलेली बाई मी तोवर पाहिली नव्हती. मी नुसती बघत होते.